कचेरीत वकील कोण देणार?

राजगडाच्या पायथ्याच्या पालीतून न्याय मागायला निघालेल्या माणसापुढे वाटा पुष्कळ आहेत, आणि त्याची पहिली अडचण तीच आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर वेल्ह्याची तहसील कचेरी. वारसनोंदीत बहिणीचं नाव वगळलं तर अपिलाला भोरचे प्रांत. वाटणीच मागायची तर दिवाणी न्यायालय. कुळाची जमीन असेल तर पुन्हा तहसीलदारच, पण त्या दिवशी ते शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसलेले असतात. त्यांच्या निकालावर प्रांत आणि प्रांतांच्या निकालावर पुण्यातलं महसूल न्यायाधिकरण. प्लॉटिंगसाठी डोंगर फोडला जात असेल तर पुण्यातच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. धरणात जमीन गेली आणि मोबदला कमी वाटला तर त्यासाठी आणखी निराळं प्राधिकरण. या सगळ्यांच्या वर मुंबईचं उच्च न्यायालय.

मुंबईचं हे अंतर किती आहे, ते नीरेच्या काठावर उभं राहिलं की कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. नदीपलीकडच्या शिरवळच्या शेतकऱ्याला आता हायकोर्टासाठी कोल्हापूर आहे. अलीकडचा भोरचा किंवा वेल्ह्याचा शेतकरी अजून मुंबईलाच जातो.

पाली म्हटलं की अनेकांना बल्लाळेश्वराचं पाली आठवतं. ते घाटाखालचं, सुधागडाचं. ही पाली घाटावरची, कानंद खोऱ्यातली. राजगडावर चढणारी जुनी रुंद पायरवाट हिच्याच अंगाने वर जाते आणि गडाच्या पाली दरवाजाला नावही हिचंच आहे. एकेकाळी दोन्ही मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होते. रोहिडा, राजगड, तोरणा आणि खाली कोकणात सुधागड असा त्या संस्थानाचा पसारा होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. वेल्हे तालुक्यालाही आता सरकारदरबारी राजगडाचं नाव मिळालं आहे. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हंच आहे, म्हणून मीही तेच वापरतो.

या मुलखात न्यायाची गोष्ट निघाली की रांझ्याच्या पाटलाचं नाव निघतंच. रांझे भोर तालुक्यात, खेडेबाऱ्यात. तिथला मुकादम बाबाजी भिकाजी गुजर याने बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि त्याची पाटीलकी काढली. जानेवारी १६४६ चं ते पत्र महाराजांच्या उपलब्ध पत्रांतलं अगदी सुरुवातीचं आहे. आपण शिक्षेचा भाग पुनःपुन्हा सांगतो. मला त्यातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते. गावच्या सर्वांत बलवान माणसाविरुद्धची तक्रार वरपर्यंत पोचली. मध्ये पाटीलच बसलेला असताना ती पोचली, हे विशेष. आज पालीतल्या माणसाची तक्रार कुठे अडते, हे बघायचं तर तपासाची सुरुवात इथूनच करावी लागते: मध्ये कोण बसलं आहे, आणि त्याला ओलांडून कसं जायचं.

त्या काळी वतनाचे, हद्दीचे, वडीलपणाचे तंटे गोतसभेपुढे चालत. गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे एकत्र बसत, साक्षी घेत, आणि निवाड्याचा महजर होई. दोन्ही बाजूंकडून आधी राजीनामे घेतले जात, म्हणजे निवाडा मान्य करण्याची हमी. हरलेल्याने यजितपत्र लिहून द्यायचं. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. खटला जिंकूनसुद्धा पैसे द्यावे लागत. निवाडा दारात होई खरा, पण तो फुकट नव्हता, आणि त्या सभेत सगळ्यांचा आवाज सारखा तर नव्हताच. गोतातल्या गोतात बाईचा किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाचा हक्क कोण लावून धरणार? जुनं ते सगळं सोनं, असं या बाबतीत म्हणता येत नाही.

आता कचेरीकडे येऊ. आपल्याकडे न्यायालय म्हटलं की काळा कोट आणि उंच खुर्ची डोळ्यापुढे येते. खेड्यातल्या माणसाला न्यायालय भेटतं ते तहसीलमध्ये. तहसीलदार हा एकच माणूस, पण कायद्याने त्याला चार खुर्च्या दिल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली तो महसूल अधिकारी; मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तो मामलतदार कोर्ट; १९४८ च्या कूळकायद्याखाली तो शेतजमीन न्यायाधिकरण; आणि शांतता भंगण्याची वेळ आली तर कार्यकारी दंडाधिकारी. कधी कधी एकाच दुपारी एकाच टेबलावर या चारही खुर्च्यांची कामं निघतात. पुकारा होतो तेव्हा समोरच्या शेतकऱ्याला एवढंच कळतं की ‘साहेबांनी बोलावलंय’. साहेब कुठल्या कायद्याखाली बसले आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. पण अपील कुठे करायचं आणि किती दिवसांत, हे सगळं त्यावरच ठरतं.

रस्त्याची केस घ्या, कारण डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या गावात हीच सर्वांत जास्त भांडणाची बाब. वरच्या खाचरात बैल न्यायचे, भाताचे भारे खाली आणायचे, तर कुणाच्या तरी बांधावरून जावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आले. मग खालचं खाचर पुण्याच्या कुणीतरी घेतलं आणि तारेचं कुंपण पडलं. कायद्यात यावर दोन वेगळे उपाय आहेत. वहिवाटीचा रस्ता होता आणि तो अडवला, असं म्हणणं असेल तर मामलतदार कोर्टात कलम ५ खाली दावा लावायचा. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो लावावा लागतो. रस्ता कधी नव्हताच आणि आता बांधावरून नव्याने हवा, असं म्हणणं असेल तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्ही अर्ज त्याच तहसीलदारांकडे, बहुधा त्याच टेबलावर. पण अर्जात एक वाक्य चुकलं, ‘आम्हाला रस्ता नाही, तो मिळावा’ असं वहिवाटवाल्याने लिहिलं, की शंभर वर्षांची वहिवाट त्याने स्वतःच्याच सहीने नाकारल्यासारखी होते. समोरच्याचा वकील ते वाक्य अधोरेखित करून दाखवतो. मग स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, नकाशावर तुटक रेष आहे का ते पाहिलं जातं, शेजाऱ्यांचे जबाब होतात. पण पाया त्या पहिल्या कागदाचा असतो, आणि तो कागद कचेरीबाहेरच्या टाइपरायटरवाल्याने किंवा गावातल्या ‘माहीतगार’ माणसाने घाईत लिहिलेला असतो.

कूळकायद्याची गोष्ट याहून खोल जाते. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानेच जमिनीचं मानीव खरेदीदार झालं. किंमत ठरवायची शेतजमीन न्यायाधिकरणाने, आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट. रक्कम भरली की कलम ३२-एम चं प्रमाणपत्र. कागदावर याहून सोपी जमीन सुधारणा कुठली असेल? पण कलम ३२-जी खाली नोटीस निघाली की कुळाने हजर राहून सांगायचं होतं की जमीन घ्यायला मी तयार आहे. तो आला नाही किंवा ‘मला घ्यायची नाही’ असा जबाब त्याने दिला, तर खरेदी निष्फळ. अंगठा उठवणाऱ्या माणसाचा एक जबाब, आणि तोही अनेकदा ज्याचं मीठ खाल्लं त्या मालकासमोर दिलेला. शिवाय कायद्याच्या मूळ रचनेत असं होतं की या कामांत मामलतदार आणि न्यायाधिकरणापुढे वकिलाला उभं राहण्याचा हक्क नाही. कलम ८०-अ तेच सांगत होतं. हेतू चांगला होता. गरीब कुळावर वकिलाच्या फीचा बोजा नको आणि श्रीमंत मालकाने वकिलांची फौज उभी करू नये. पण मालकाच्या घरात कायदा कळणारा कुणीतरी असायचाच. कुळाच्या घरात कोण होता? पुढे जून २०११ मध्ये अधिवक्ता अधिनियमाचं कलम ३० लागू झालं आणि न्यायाधिकरणापुढेही वकिली करण्याचा हक्क वकिलांना मिळाला. त्याआधीच्या अर्धशतकात जे जबाब झाले, ते झालेच.

त्यातही मालकीण विधवा असेल, मालक अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. मग विधवा वारली की मुदत सुरू, आणि कुळाने वर्षभरात खरेदीची नोटीस दिली नाही तर हक्क गेला, असा अर्थ वर्षानुवर्षं लावला गेला. मालकीण शहरात वारली, हे डोंगरातल्या कुळाला कळणार कसं? अखेर २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधवेच्या वारसाने कुळाला तसं कळवल्याशिवाय त्याची मुदत सुरू होत नाही. न्याय झाला, पण तो दिल्लीपर्यंत टिकून राहिलेल्या माणसामुळे. मधल्या पायऱ्यांवर थकून उतरलेल्यांच्या नोंदी फेरफार-वहीत लाल शाईने बंद झालेल्या आहेत.

इतकं सांगून झाल्यावर मुख्य मुद्दा मांडतो. मोफत वकिलाचा हक्क या कचेरीपर्यंत पोचतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या व्याख्येच्या कलमात ‘न्यायालय’ म्हणजे दिवाणी, फौजदारी किंवा महसुली न्यायालय असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यात कुठलंही न्यायाधिकरण आणि न्यायिक वा निमन्यायिक काम करणारा कुठलाही प्राधिकारीही येतो. म्हणजे तहसीलदारांपुढची रस्त्याची केस, प्रांतांपुढचं फेरफाराचं अपील, महसूल न्यायाधिकरणातला पुनर्निरीक्षण अर्ज, हरित न्यायाधिकरणातला अर्ज, सगळं त्यात आलं. तरी आपल्याकडे ‘सरकारी वकील फुकट मिळतो’ हे लोकांना माहीत असतं ते फक्त आरोपीपुरतं. महसुली कामासाठी तो मागता येतो, हे शिकलेल्यांनाही माहीत नसतं.

आरोपीपुरतं तरी ते का माहीत झालं, याला इतिहास आहे आणि तो बराचसा महाराष्ट्रातला आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ साली, मुंबई सरकारने न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याचा विचार करायला समिती नेमली होती. शिफारशी झाल्या, पैशांअभावी बाजूला पडल्या. १९७६ मध्ये घटनेत मोफत कायदेविषयक साहाय्याचं अनुच्छेद ३९-अ आलं. मग १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल. कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात वेळेवर मिळालीच नाही, अपिलाची मुदत उलटून गेली आणि शिक्षाही जवळजवळ भोगून झाली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य द्या आणि वकील नसेल तर तोही द्या. ही मेहेरबानी नव्हे, न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे. पुढच्याच वर्षी बिहारच्या कच्च्या कैद्यांबाबतचा हुसैनआरा खातून निकाल आला. मग पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पंधरा जणींपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्रावरून न्यायालयाने १९८३ मध्ये महाराष्ट्रासाठी आदेश दिले. अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवायचं, हा त्यातलाच एक. आज फौजदारी कामांसाठी २०२२ पासून लोकअभिरक्षकांची, म्हणजे आरोपींच्या मोफत वकिलांची, पूर्णवेळ व्यवस्था उभी राहते आहे. तुरुंगाची भिंत दिसते, म्हणून तिच्याआडच्या अन्यायाला न्यायालयाने हात घातला. फेरफार-वहीच्या आडचा अन्याय दिसत नाही.

हक्क कुणाला, हे कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया, मुलं, अपंग, आपत्तीग्रस्त, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हे पुन्हा एकदा सांगतो, कारण तहसील कचेरीत आलेल्या बाईला ‘आधी उत्पन्नाचा दाखला आणा’ असं सांगून परत पाठवलं जाऊ शकतं. कायद्याने तो दाखला लागत नाही. कातकऱ्यालाही लागत नाही. भोर, वेल्हे, मुळशीच्या डोंगरांत कातकरी वस्त्या आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक. वनहक्काचा दावा ग्रामसभेने फेटाळला तर उपविभागीय समितीकडे साठ दिवसांत, तिने फेटाळला तर जिल्हा समितीकडे पुन्हा साठ दिवसांत जावं लागतं. वीटभट्टीवर गेलेला माणूस त्या साठ दिवसांत गावात नसतोच.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे वाट कुठे चुकते ते दिसेल. समजा, पालीत माहेर असलेली एक बाई भोरकडच्या गावी दिलेली आहे. वडील वारले. भावांनी वारसनोंदीचा अर्ज केला आणि वारसांत फक्त मुलगे दाखवले. तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार धरला, नोटीस चावडीवर लागली. हरकतीसाठी मुदत होती, पण सासरी असलेल्या मुलीला चावडीवरचा कागद कोण वाचून दाखवणार? मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. वर्षभराने जमिनीला गिऱ्हाईक आलं, भाऊ म्हणाला, ‘ताई, एक सही करून जा, हक्कसोड आहे, नुसती फॉर्मॅलिटी.’ तेव्हा तिने भाच्याकरवी सातबारा मोबाइलवर पाहिला. नाव नाही.

आता ती काय करेल? बहुतेक बायका सही करतात. माहेर तुटायला नको म्हणून करतात, आणि या कारणाला मी हलकं मानत नाही. पण सही करायची नाही असं तिने ठरवलं, तर तिला पहिल्याच दिवशी चार गोष्टी कळायला हव्यात. फेरफाराच्या आदेशावर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील असतं; मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लागतो, आणि आपल्याला नोटीस मिळालीच नाही हे त्यात नीट लिहावं लागतं. दुसरं, फेरफाराने मालकी ठरत नाही. ती महसूल वसुलीसाठीची नोंद आहे, त्यामुळे अपील हरलं तरी हिस्सा बुडत नाही. तिसरं, हिस्सा हवा तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, आणि जमीन विकली जाण्याची भीती असेल तर आधी मनाई हुकूम. चौथं, तिचा हक्क वडिलोपार्जित जमिनीत जन्माने आहे: महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना तो मिळाला, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर मात्र ते टिकतं.

हे सगळं वकिलाला दहा मिनिटांत सांगता येतं. ती दहा मिनिटं तिला मिळत नाहीत. ती आधी तलाठ्याकडे जाते, तो म्हणतो मंडल अधिकाऱ्याकडे जा. तिथून तहसील. तिथला कारकून म्हणतो, ‘ताई, हे आता आमच्याकडे नाही, प्रांतांकडे जा.’ कुणीही खोटं सांगत नाही. पण कुणी कागदावर तारीख लिहून देत नाही. हेलपाट्यांतच मुदत सरते.

धरणग्रस्ताचंही तेच. वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणं, शेजारी भोरमध्ये भाटघर आणि नीरा-देवघर. निवाड्याची रक्कम घेताना पावतीवर ‘तक्रार राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहिलं की नाही, यावर १८९४ च्या जुन्या कायद्याखाली वाढीव मोबदला मागण्याचा हक्क अवलंबून होता. तीन-चार शब्द. भूसंपादन अधिकाऱ्याच्या टेबलासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानात ते शब्द सांगायला कुणी नव्हतं. ज्यांना कुणीतरी सांगितलं, त्यांनी पुढे न्यायालयातून वाढ मिळवली. त्यांच्या शेजारच्या गटाच्या मालकाला त्यावरून कलम २८-अ खाली तीच वाढ मागता येत होती, पण तीन महिन्यांच्या आत. तीही तारीख कुणी सांगितली तर.

मग विधी सेवा संस्था करतात काय? तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीश. जिल्ह्याला प्राधिकरण, अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश; पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय. पॅनेलवर वकील असतात, गावोगाव अर्धविधी स्वयंसेवक नेमता येतात, २०११ च्या विनियमांनी गावात विधी साहाय्य केंद्रं काढण्याची तरतूद केली. यंत्रणा कागदावर भक्कम आहे आणि तिच्यात कळकळीने काम करणारी माणसं आहेत, यात मला शंका नाही. पण ती न्यायालयाच्या इमारतीत राहते आणि न्यायालयातल्याच कामांकडे तिचं लक्ष असतं. न्यायाधीशांना तहसील कचेरीतला सुनावणीचा बोर्ड रोज दिसत नाही. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन एवढं बेताचं की तो डोंगरातल्या कचेरीत अख्खा दिवस घालवायला नाखूश असतो. आणि पुकारा झाल्यावर साहेब बैठकीला गेले असं कळलं, तर तो दिवसही वाया. शिबिरं होतात, शाळेच्या पटांगणात भाषणं होतात, हारतुरे होतात. भाषणात संविधान असतं, महिला सक्षमीकरण असतं. सहा महिने, साठ दिवस, तीन महिने या मुदती त्यात सहसा नसतात.

लोकअदालतीबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. वर्षातून काही ठरलेल्या शनिवारी राष्ट्रीय लोकअदालत भरते, कामं झपाट्याने निघतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपघाताची भरपाई, धनादेश, वीजबिल यांसाठी ती उत्तमच. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कलम २१ प्रमाणे तो दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का. म्हणून बहीण-भावाच्या वाटपात ‘आज मिटवून टाका’ असं चारचौघांनी म्हटल्यावर तिने कशावर सही केली, हे तिच्या बाजूच्या कुणीतरी आधी शांतपणे वाचून सांगितलेलं असावं. तडजोड ही दोघांच्या मर्जीची असते. तिची मर्जी आहे का, हे गर्दीत विचारून कळत नाही.

माझी मागणी लहान आहे. वेल्ह्यात आणि भोरमध्ये महसुली सुनावण्यांचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवशी तालुका विधी सेवा समितीचा एक पॅनेल वकील आणि एक स्वयंसेवक तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या आवारात टेबल टाकून बसू दे. न्यायालयाच्या आवारात नको, कचेरीच्या आवारात. त्याला नवा कायदा लागत नाही, विनियम पुरेसे आहेत. दुसरं, फेरफाराच्या नोटिशीवर आणि प्रत्येक महसुली आदेशाच्या शेवटी दोन ओळी छापाव्यात: अपील कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मोफत वकिलासाठी कुठे जायचं. तारीख आकड्यांत, ‘नियमानुसार विहित मुदतीत’ असं नको. तिसरं, वारसनोंदीत विवाहित मुलींना नोटीस चावडीवर न लावता त्यांच्या सासरच्या पत्त्यावर पोचती व्हावी आणि पोच फाइलला लागल्याशिवाय नोंद मंजूर होऊ नये. हितसंबंधितांना लेखी कळवायचं, असं महसूल अधिनियमाच्या कलम १५० मध्ये आजही आहेच.

तोवर ज्याला गरज आहे त्याने थांबू नये. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर स्वयंसेवकाने किंवा कार्यालयाने तो लिहून घ्यायचा. नाव, पत्ता, समोरचा कोण, केस कुठे चालू आहे किंवा कुठे करायची आहे, आणि आपण कलम १२ च्या कुठल्या गटात बसतो, एवढं त्यात हवं. उत्पन्नाच्या गटातून अर्ज करणाऱ्याचं शपथपत्र, त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर, पुरेसं धरता येतं. मंजुरी मिळाली की कोर्ट फी, नकला, टंकलेखन, नोटिशीचा खर्च, वकिलाचं मानधन सगळं समितीचं. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. मागितले तर समितीकडे तक्रार करावी. अर्ज तालुका समितीकडे देता येतो, शिवाजीनगरला जिल्हा प्राधिकरणाकडे देता येतो, आणि गावातून निघणंच शक्य नसेल तर १५१०० हा मोफत क्रमांक आहे. अर्जात ठळक लिहावं की काम महसुली आहे, कारण टेबलापलीकडचा माणूस म्हणेल, ‘हे कोर्टाचं काम नाही, तहसीलचं आहे.’ तेव्हा त्याला १९८७ च्या अधिनियमाच्या कलम २ मधली ‘न्यायालय’ या शब्दाची व्याख्या दाखवावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडावं.